पाळणे

माझ्या भाच्याला समुद्र पाळण्याचा नाद आहे. तोही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर! चार फुटी काचेच्या टाकीत सुमारे ३०० लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने त्यात दहा किलोंवर मीठ (स्वयंपाकातले नव्हे, याच कामासाठी मिळते ते), आणि वीज गेलीच तर हवा सोडायला बॅटरीवरचा पंप. माझी बहीण म्हणते, ‘‘दारची तुळस वाळली तरी याला कळायचं नाही, समुद्र मात्र बोटभर आटला की लगेच पाणी घालतो.’’

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टाकीच्या तीन बाजूंना खाकी कागद चिकटवलेला होता. समोरच्या काचेतून पाहावे, तर आत नऊ इंच जाडीची वाळू आणि वर स्वच्छ पाणी. मासा एकही नाही. मी पुढे सरकलो, तोच भाचा दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘मामा, तिथंच बसा. दाराजवळच्या खुर्चीवर. आणि हलू नका.’’

ओवाळून घ्यायला आलेला पाहुणा मी. चोरासारखा बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी वाळूतून गवताची काडी उगवावी तसे काहीतरी वर आले. मग दुसरे. काडीला डोळे होते. बघता बघता वीतभर उंचीचे चार-पाच देठ पाण्याच्या ओघाकडे तोंड करून डुलू लागले. गार्डन ईल म्हणतात यांना. आपल्या कोकणातल्या वामेचा हा दूरचा नातलग. पण वाम कोयत्यासारखी धारदार आणि आडदांड, तर हा करंगळीएवढाही जाड नाही. लांबी फार तर चाळीस सेंटिमीटर, आणि त्यातली निम्मी कायम जमिनीत. शेपटीच्या टोकाने वाळूत बीळ करायचे, अंगाच्या चिकट स्रावाने त्याच्या भिंती लिंपायच्या आणि जन्मभर तिथेच उभे राहायचे. अन्न शोधायला हे जात नाहीत. ओघाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात. समुद्राच्या तळाशी यांच्या शेकड्यांनी वसाहती असतात आणि लांबून पाहणाऱ्याला बाग फुलल्यासारखे वाटते. जवळ जावे, तर बाग नाहीशी!

भाच्याकडे होती ती पांढुरकी, काळ्या ठिपक्यांची जात. १९५९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले आणि हान्स हास या ऑस्ट्रियन पाणबुड्याचे नाव तिला दिले. ठिपके बारीक, पण दोन-तीन ठसठशीत मोठे. बाळाला लावलेली तीटच जणू. मला मौज वाटली. दृष्ट लागू नये म्हणून आपण तीट लावतो. या प्राण्याला तर कुणाची नुसती नजर वळली तरी सोसत नाही.

एवढ्यात खाली कुणीतरी लवंगी माळ लावली आणि पाचही देठ वाळूत गडप झाले. भाच्याची सात वर्षांची मुलगी वैतागून म्हणाली, ‘‘दिसायचेच नसतील तर आणले कशाला?’’

प्रश्न तिने बापाला विचारला होता, पण परतीच्या गाडीत तो माझ्याच मागे लागला. कुत्रा आपण पाळतो, कारण तो दारात येऊन अंगावर उड्या मारतो. पोपटाकडून आपल्याला आपलीच बोली ऐकायची असते. या पाळण्यात प्राण्याने आपली दखल घ्यावी असा एक न बोललेला करार असतो. पण पाळणे हा शब्द आपण आणखीही कुठे कुठे वापरतो! व्रत पाळतो, पथ्य पाळतो, शब्द पाळतो. तिथे मिळवायचे काही नसते, स्वतःला आवरायचे असते. गार्डन ईल पाळायचा तर या दुसऱ्या अर्थानेच पाळावा लागतो. काचेवर टिचकी मारायची नाही, दार आपटायचे नाही, दांडगे मासे सोबत सोडायचे नाहीत, आणि दिवसातून चार-पाच वेळा, कुणी दिसो न दिसो, वाळूवरून चिमूटभर अन्न वाहू द्यायचे. देव्हाऱ्याचा पडदा ओढल्यावरही नैवेद्य दाखवावा, तसे.

हे मला फार उदात्त वाटले होते. आठच दिवसांनी भाच्याचा फोन आला.

‘‘मामा, दसऱ्याला सहा आणले होते. कितीही मोजले तरी पाचच भरतात.’’

सहावा लाजून बसला असेल, नाहीतर वाळूतच मेला असेल. मेला असेल तर तो कुजणार, पाण्यात अमोनिया वाढणार आणि उरलेले पाचही जाणार. शोधायचे तर वाळू उपसायची. म्हणजे पाच जणांची लिंपलेली घरे मोडायची. इतक्या भेदरट जिवांना तो धक्का सोसेलच असे नाही. भाचा रोज परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत होता. पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवट झाला तर संकट. रोज पिवळा येत होता आणि तरी त्याला झोप नव्हती.

तेव्हा मला टोकियोची हकीकत आठवली. तिथल्या सुमिदा मत्स्यालयात याच जातीचे सुमारे तीनशे मासे होते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मत्स्यालय बंद झाले. बघ्यांची सरावलेली गर्दी नाहीशी झाली, तसे हे मासे माणसाला विसरले आणि रोजचे सेवक जवळ आले तरी वाळूत दडू लागले. मग त्यांची प्रकृती तपासायची कशी? मे महिन्यात टाकीसमोर पाच टॅबलेट मांडून मत्स्यालयाने लोकांना विनंती केली, की घरून व्हिडिओ कॉल करा, चेहरा दाखवा, हात हलवा. मात्र ओरडू नका. जगभर लोक हसले. मीही हसलो होतो. आता मात्र त्यातली अडचण कळली. काळजी घ्यायची तर पाहावे लागते, आणि पाहिले की तो लपतो. टोकियोच्या सेवकांनी माशांना नजरेची सवय लावली. माझा भाचा नजर आवरून बसला होता. कोण अधिक बरोबर? पाहुण्यासारखे दुरून बघत बसलेल्या मला न पाहण्याचे कौतुक सोपे होते. जबाबदारी ज्याच्यावर, त्याला ते परवडत नव्हते.

भाच्याने वाळू उपसली नाही. तीन आठवडे थांबला. दिवाळीनंतरच्या साफसफाईत बहिणीने टाकीखालचे कपाट सरकवले, तेव्हा मागे भिंतीशी वाळलेल्या दोरीचा तुकडा सापडला. वर झाकण होते, पण वायरी आत घ्यायला कोपऱ्यात दोन बोटांची फट राहिली होती. बहुधा पहिल्याच रात्री, नव्या जागी बावरून, तो तिथून निसटला असावा. इतके दिवस सगळ्या घराचा जीव वाळूत अडकला होता आणि वाळूत कुणी नव्हतेच.

भाच्याने फट त्याच दिवशी बुजवली. मग मला म्हणाला, ‘‘समुद्रात सोडून देऊ का हे पाच?’’ मोह मलाही झाला. पण हे कुठल्या दूरच्या समुद्रातून पकडून आणलेले, कुणास ठाऊक. आपल्या गढूळ किनाऱ्यावर त्यांना सोडणे म्हणजे आपल्या मनाची टोचणी तेवढी सोडणे. आणि टाकीतला एखादा रोग तिथल्या माशांना देणे. आणताना जी चूक झाली, ती परत नेऊन टाकता येत नाही. माझे मत मी त्याला स्पष्ट सांगितले. ज्याला बीळ, ओघ आणि शेकडो शेजारी लागतात, त्याला चार फुटांत आणायलाच नको होते. आता आणलेत, तर ते जगतील तितकी वर्षे चार वेळचे अन्न चुकवायचे नाही. आणि सहाव्याची जागा भरायची नाही.

‘‘बघू,’’ म्हणाला. अजून तरी भरलेली नाही.

गेल्या भाऊबीजेला पुन्हा गेलो. दाराजवळची खुर्ची आता तिथेच कायमची ठेवलेली आहे. नात माझ्याआधीच तिच्यावर पाय वर घेऊन बसली होती. मला पाहून ओठांवर बोट ठेवले आणि अर्धी जागा करून दिली. बहिणीने चहा आणला तोही पावले न वाजवता. चार दिसले. पाचवा वर येईपर्यंत चहा निवून गेला होता.