चूक दाखवताना माणूस राखावा



आपल्यापैकी कोणी शाळेत मुख्याध्यापक आहे, कोणी दवाखान्यात सिस्टर, कोणाच्या दुकानात वा शेतात चार माणसे कामाला आहेत. हाताखालच्या माणसाकडून चूक झाली की आपण काय करतो?

आधी आमचेच सांगतो. एका रविवारी मिस्सेची घंटा उशिरा झाली. मिस्सा संपताच आम्ही सेवकाला सर्वांसमोर खडसावले. तो रात्रभर आजारी आईपाशी जागा होता, हे नंतर कळले. आम्ही विचारलेच नव्हते. आता घंटा वेळेवर होते. पण तो पूर्वीसारखा येऊन बोलत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५) प्रभू येशू शिकवतो की, भावाचा अपराध आधी त्याला एकांतात सांगावा. त्यामागचा हेतू भाऊ परत मिळवणे हा आहे.

आपल्या जामखेडातच याचा धडा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींनी शाळा पाहिली नव्हती. त्या दर आठवड्याला शिकायला येत, गावातले अनुभव सांगत, एकमेकींकडूनही शिकत. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विचार करा, बोलणी बसतील या भीतीने एखादीने आपली चूक लपवली असती, तर त्याची किंमत एखाद्या बाळाने मोजली असती. जिथे माणूस न घाबरता बोलतो, तिथेच चूक सुधारते.

म्हणून चार गोष्टी पाळू या. आधी विचारावे, मग बोलावे. एकांतात आणि वेळेवर बोलावे; महिनाभर साठवू नये. 'तू आळशीच' असे न म्हणता नेमके काय चुकले ते सांगावे. आणि शेवटी पुन्हा विश्वासाने काम सोपवावे. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित प्रभूने सरोवराकाठी आधी त्याला न्याहारी दिली, तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्याच हाती दिली.

परवा आम्ही त्या सेवकाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. दुखावले होते चारचौघांत, म्हणून त्याला विचारूनच येथेही लिहीत आहोत. त्याने चहा केला, आईची भेट घडवली. या आठवड्यात आपणही अशा एका माणसाकडे जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू