मालकीची परंपरा : एका नौकावर्गाच्या निमित्ताने

माझ्या संग्रही ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाची एक हस्तलिखित पोथी आहे. शेवटच्या पानावर नकलाकाराने, जुन्या प्रथेस अनुसरून, ग्रंथाला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावे अशी विनवणी केली आहे. तिच्याखाली वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या हातांनी पाच मालकांनी आपापली नावे लिहिली आहेत. त्यांतले तिसरे नाव कोणीतरी खोडून टाकले आहे. ही पोथी आता एका ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याचे मी ठरविले आहे, आणि ते ठरविल्यापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. या पाच जणांशी माझे नाते काय? आपल्या आधी असलेल्या आणि आपल्यानंतरही राहणाऱ्या वस्तूचा मालक होणे म्हणजे नेमके काय होणे?

या प्रश्नाच्या विचारात मला साह्य झाले ते एका सर्वस्वी निराळ्या विषयाचे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवीत असताना छोट्या शिडाच्या नौकांतून महासागर ओलांडणाऱ्यांची काही पुस्तके मी वाचली होती. हंफ्री बार्टन यांचे ‘व्हर्च्यू थर्टीफाइव्ह’ आणि डेव्हिड लुइस यांचे ‘द शिप वुड नॉट ट्रॅव्हल ड्यू वेस्ट’ ही त्यांपैकी दोन. दोन्ही पुस्तकांतील नौका एकाच आराखड्याच्या आहेत हे पुढे ध्यानात आले, आणि मग त्या आराखड्याच्या नौकांचा माग काढणाऱ्यांच्या उद्योगाकडे लक्ष वेधले गेले.

व्हर्च्यू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नौकावर्गाचा प्रारंभ १९३६ सालचा. इंग्रज आरेखक जॅक लॉरंट गाइल्स यांनी गर्न्सी बेटावरील एका हौशी नाविकासाठी ‘आंद्रियो’ ही नौका रेखिली. लांबी सुमारे २५ फूट, रुंदी सात फुटांहून किंचित अधिक; दोघा जणांनी बेताबेताने राहावे एवढीच आत जागा. याच रेषांवर पुढे इंग्लंडमध्ये आणि इंग्लंडबाहेरही शंभराहून अधिक लाकडी नौका बांधल्या गेल्या. काही हाँगकाँगच्या चिनी कारागिरांनी सागवानात घडविल्या. केबिनच्या छपराची उंची, आतील मांडणी, शिडांची योजना यांत फरक पडत गेले, तरी पाण्याखालचा देह मात्र ओळखू येण्याजोगा एकच राहिला. वर्गाच्या नावाची कथाही मौजेची आहे. या आराखड्याच्या एका नौकेला जलप्रवासासाठी जो चषक मिळाला, तो व्हर्च्यू आडनावाच्या एका गृहस्थाच्या नावाचा होता. ते आडनाव वर्गाला चिकटले, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार सद्गुणवाचक शब्दासारखा असल्यामुळे पुढल्या मालकांना श्लेषाची आयतीच सोय झाली. लुइस यांच्या नौकेचे नाव ‘कार्डिनल व्हर्च्यू’, म्हणजे कानाला ‘मूलभूत सद्गुण’. नीतिविचाराने या नौकांचा पाठलाग असा नावापासूनच सुरू केला आहे.

अशा वर्गातील एकेका नौकेचा आणि तिच्या मालकांचा इतिहास जुळविणे हे काम पाठचिकित्सेच्या जातीचे आहे. प्रत्येक नौकेला वर्गातील क्रमांक असतो. बार्टन यांच्या पुस्तकाचे नाव म्हणजे त्यांच्या नौकेचा क्रमांकच होय. ब्रिटिश नोंदणीपुस्तकात दाखल झालेल्या नौकेच्या मुख्य तुळईवर तिचा अधिकृत क्रमांक आणि भारमाप कोरावे लागे. त्या कायद्याने नौकेच्या मालकीचे ६४ हिस्से मानले आहेत. ते एकाकडे असोत वा अनेकांकडे, प्रत्येक विक्रीची नोंद होते. शिवाय १८७८ पासून १९८० पर्यंत निघणाऱ्या लॉइड्सच्या क्रीडानौकांच्या सूचीत नौकेचे नाव, पूर्वीची नावे, बांधणारा, बंदर आणि मालक ही माहिती मिळे. पण नोंदणी न झालेल्या नौका असतात, आणि नावे बदललेल्याही असतात. मधलीच वीस वर्षे गळतात. मग जुनी पत्रे, बंदरातील पावत्या, कोणाच्या तरी घरच्या छायाचित्रामागे लिहिलेली ओळ, यांवर भिस्त ठेवावी लागते. हस्तलिखितांच्या वंशवृक्षावर काम केलेल्या अभ्यासकाला ही वाट परिचित वाटेल. गहाळ दुव्याची जागा मोकळी ठेवण्याचा संयम दोन्हीकडे सारखाच लागतो आणि ती जागा तर्काने भरून टाकण्याचा मोहही सारखाच असतो.

परंतु या संशोधनाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. १९४० च्या दशकात पाण्यात उतरलेली नौका आणि आज त्या नावाने तरंगणारी नौका या एकच होत, असे मानल्याखेरीज मालकांची यादी करताच येत नाही. लाकडी नौकेच्या बाबतीत हे मानणे सोपे नाही. फळ्या कुजतात, फासळ्या तडकतात, पठाणाला म्हणजे नौकेच्या कण्याला जखडणारे खिळे गंजतात, डोलकाठ्या मोडतात. पन्नास-साठ वर्षांत मूळ लाकडापैकी किती उरले, हे सांगताना प्रामाणिक मालक चाचरतो. थीसियसच्या जहाजाचा प्लूटार्कने नोंदविलेला वाद सर्वश्रुत आहे : फळ्या एकेक करून बदलल्यावर जहाज तेच राहिले की नाही? सतराव्या शतकात हॉब्जने या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज उभे केले, तर दोहोंपैकी खरे कोणते? आपल्याकडे न्यायवैशेषिकांनी याच प्रश्नाला निष्ठुर उत्तर दिले. त्यांच्या मते वस्त्रातला एक तंतू निघाला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरते ते नवे ‘खंडपट’. ‘हे तेच वस्त्र’ ही आपली ओळख त्यांच्या लेखी सादृश्यावर आधारलेला भास ठरते.

तर्कशास्त्र म्हणून हे उत्तर खोडून काढण्याची माझी पात्रता नाही. मात्र एक गोष्ट तत्त्वज्ञांच्या दृष्टीतून सुटली आहे असे मला वाटते, आणि ती नौका दुरुस्त करणाऱ्या सुतारापाशी आहे. कुजलेली फळी काढल्यावर तो नव्या फळीचे माप कागदावरच्या आराखड्यावरून घेत नाही. जुनी फळी निघाल्याने जी पोकळी उरते, तिच्यावरून घेतो. वरच्या फळीची कड, खालच्या फळीची कड, फासळ्यांचा बाक, आणि इतक्या वर्षांत सबंध देहाला आलेला किंचितसा पोक, या सर्वांना विचारून नवी फळी आकार घेते. उद्या तिची शेजारीण बदलावी लागली तर ती या फळीला विचारून आकार घेईल. लाकूड बदलते, परंतु प्रत्येक नवा तुकडा जुन्यांच्या साक्षीने बसतो. सातत्य असेल तर ते या साक्षीच्या साखळीत आहे. म्हणूनच सगळ्या फळ्या हळूहळू बदललेली नौका आणि मूळ आराखड्यावरून एकदम बांधलेली नवी नौका यांत लाकडाच्या वयाच्या दृष्टीने फरक नसला, तरी वंशाच्या दृष्टीने आहे.

या भेदाची कसोटी पाहणारे एक उदाहरण प्रत्यक्ष घडले आहे. १९६० साली प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत झालेल्या, एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत पाच नौका होत्या. फ्रान्सिस चिचेस्टर पहिले, ‘जेस्टर’ नौकेतून ब्लॉन्डी हॅसलर दुसरे, ‘कार्डिनल व्हर्च्यू’तून लुइस तिसरे आले. ‘जेस्टर’ व्हर्च्यू वर्गातली नव्हे. स्कँडिनेव्हियन फोकबोट या लहान लाकडी नौकेच्या देहावर हॅसलरने चिनी धर्तीचे शीड चढविले होते. १९६४ मध्ये ती माइक रिची यांनी घेतली आणि सुमारे पाव शतक ते तिच्यातून हिंडले. १९८८ च्या शर्यतीत वादळात सापडल्यावर त्यांना नौका भर समुद्रात सोडावी लागली. हितचिंतकांच्या साह्याने तिची प्रतिकृती बांधण्यात आली आणि १९९२ च्या शर्यतीत ते त्या नव्या ‘जेस्टर’मधून निघाले. येथे मालक तोच, नाव तेच, आकार तोच. लाकूड मात्र एकही जुने नाही, आणि साखळी एका ठिकाणी पूर्ण तुटलेली. ही नवी नौका खोटी आहे काय? मला तसे वाटत नाही. ती प्रतिकृती म्हणूनच लोकांपुढे आली, त्यामुळे तिने कोणाचीही फसवणूक केलेली नाही. सलगतेचा दावा न करताही निष्ठा राखता येते. खोटेपणा तुटलेल्या दुव्यात नसतो; तो दुवा तुटलाच नाही असे भासविण्यात असतो.

यातून प्रश्न मालकाच्या नीतीकडे वळतो. ‘कार्डिनल व्हर्च्यू’चेच पाहा. १९६० च्या शर्यतीत निघाल्यावर काही तासांतच तिची डोलकाठी मोडली. लुइस परतले, ती दुरुस्त करून पुन्हा निघाले. पुढे ही नौका बिल नान्स या ऑस्ट्रेलियन तरुणाने घेतली आणि १९६२ ते १९६५ या काळात, केप हॉर्नला वळसा घालून, एकट्याने तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. या दोन मालकांची नावे कोणत्याही इतिहासात येणारच. परंतु नौका काही केवळ पराक्रमाच्या वर्षांत जगत नाही. जाणते लोक सांगतात की लाकडी नौकेला समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे भय फारसे नसते. मीठ लाकूड राखते. ती मरते पावसाच्या गोड्या पाण्याने, जे डेकच्या सांध्यातून थेंबाथेंबाने झिरपते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे वादळातून तिला वाचविणारा नाविक जितका महत्त्वाचा, तितकाच दर हिवाळ्यात तिच्यावर कापड ताणून बांधणारा आणि फटी बुजविणारा तो मालकही, जो कदाचित खाडीच्या मुखाबाहेर कधी गेलाच नाही. मालकांचा संपूर्ण माग काढण्याचे नैतिक मूल्य मला येथे दिसते. प्रसिद्धांची यादी कीर्ती सांगते. सर्वांची यादी झाली, तर वस्तू टिकली कशी ते समजते. वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हा धडा पुष्कळदा दुर्लक्षिला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हा सारा सधनांचा छंद आहे, आणि वंशावळ सिद्ध झाली की नौकेची किंमत वाढते एवढेच त्याचे रहस्य. या आक्षेपात तथ्य आहे. जेथे वंशावळीला बाजार असतो तेथे बनावट वंशावळीही निर्माण होतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांप्रती असलेली कर्तव्ये अपुरी राहत असताना लाकडाच्या वस्तूप्रती कर्तव्य कसले? मला असे म्हणावयाचे आहे की हे कर्तव्य मुळात वस्तूप्रती नाहीच. ज्यांनी ती घडविली आणि राखली, आणि ज्यांच्या हाती ती पुढे जाईल, त्या माणसांशी आपला दुसरा संवाद होऊ शकत नाही. वस्तू हीच त्यांच्यामधली भाषा. वस्तू मोडीत काढण्याचाही मालकाला अधिकार आहे, आणि कधी तेच प्रामाणिकपणाचे असते. परंतु वस्तूविषयी खोटे लिहून ठेवण्याचा अधिकार त्या ६४ हिश्श्यांपैकी एकातही नाही.

हे खोटे बहुधा दुष्टपणातून येत नाही, लाजेतून येते. जुन्या नौकेच्या गळतीला कंटाळून काही मालक तिच्या सबंध देहावर काचतंतूचे आवरण चढवितात. बाहेरून ती नव्यासारखी दिसते. आत ओल कोंडते आणि लाकूड अधिकच वेगाने कुजते. पुढला मालक आवरण फोडतो तेव्हा त्याला आधीच्याची चूक समजते, पण नोंदवहीत तिचा उल्लेख सहसा नसतो.

येथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे. विद्यार्थिदशेत ती पोथी माझ्या हाती आली तेव्हा तिची काही पाने फाटलेली होती. मी मोठ्या उत्साहाने ती पारदर्शक चिकटपट्टीने जोडली. आज त्या पट्ट्या तपकिरी झाल्या आहेत, आणि त्यांच्याखालची अक्षरे डिंकाने खाल्ली आहेत. सुमारे अठराशे ओव्यांपैकी अकरा ओव्या तेथे वाचता येत नाहीत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून जपा असे नकलाकाराने विनविले होते. अतिउत्साही मालकापासून जपा, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी दुरुस्तीचे काम केले, ते केल्याचे उघड सांगितले, आणि पुढीलांनी त्यात आपली ओवी मिसळू नये असे बजावलेही. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा तो वाद करता आला याचे एक कारण हेच की एकनाथांनी आपला हात लपविला नव्हता. आपण काय बदलले हे सांगणाऱ्या दुरुस्तीकाराला पुढला अभ्यासक तपासू शकतो आणि त्याच्याशी मतभेदही राखू शकतो. न सांगणारा मात्र परंपरेत निनावी विकार होऊन राहतो.

पोथी देण्यापूर्वी शेवटच्या पानाला मी हात लावणार नाही; त्या पाच जणांखाली सहावे नाव घालण्याचा मोह आवरला आहे. एक वेगळा कागद सोबत ठेवला आहे. त्यावर पोथी माझ्याकडे कोणत्या साली आली, कोणती पाने मी कशाने जोडली आणि कोणत्या ओव्या त्यामुळे गेल्या, हे लिहिले आहे. ते तिसरे नाव मी भिंगाखाली पुष्कळदा पाहिले. ते कोणी आणि का खोडले ते कळत नाही. कदाचित त्यानेच स्वतः, काही बिघडवून ठेवल्यावर, खोडले असेल. तसे असेल तर त्याचे दुःख मला समजते. नाव खोडण्याऐवजी त्याने काय घडले ते लिहून ठेवले असते, तर मला एक सोबती मिळाला असता.