हिरकणी : नाव आणि अर्थ

नुकताच आमच्या एका आप्तांकडे बारशाचा प्रसंग होता. नावांची चर्चा रंगली असता घरातील वृद्ध आजींनी ‘हिरकणी’ हे नाव सुचविले. मंडळी हसली, आम्हीही हसलो. घरी परतल्यावर मात्र आम्हांस त्या हसण्याची लाज वाटू लागली.

हिरकणी म्हणजे हिऱ्याची बारीक कणी. तांदळाच्या चुऱ्यासही आपण कणीच म्हणतो. जवाहिऱ्याची पेढी आणि गरिबाची चूल या एका शब्दात शेजारी नांदतात. हीच हिरकणी अंगठीत बसली की अलंकार होते, आणि काचकाम करणाऱ्याच्या हाती आली की काच कापते. शब्दकोश वस्तू सांगतो. तिचा गुण कामावरून कळतो.

माणसाच्या नावाचेही असेच नव्हे काय? रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी जिच्या नावाने ओळखली जाते, त्या गवळणीची कथा सर्वश्रुत आहे. ती गडावर दूध विकण्यास गेली. सांजेस दरवाजे मिटले. घरी तान्हे मूल. ती अंधारात कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तेथे बुरूज बांधवून वाट बंद केली व बुरुजास तिचे नाव दिले, असे लोक सांगतात. आईबापांनी ठेवलेल्या नावास अर्थ आला तो त्या रात्री.

मग नाव कसेही ठेवावे, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणून ‘नकुशा’ ठरलेल्या सातारा जिल्ह्यातील अडीचशेहून अधिक मुलींचे २०११ साली समारंभपूर्वक नामांतर करावे लागले. शाळेत हजेरी घेताना रोज त्यांस नकोसेपणाची आठवण दिली जात होती. नावाने थोरवी देता येत नाही. अपमान मात्र देता येतो.

उलट बाजूचाही एक धोका आहे. मुलीस हिरकणी म्हणावयाचे आणि तिने जन्मभर कडे उतरावेत अशी अपेक्षा धरावयाची, हेही न्याय्य नव्हे. कथेतील राजाने त्या मातेचा गौरव केला, पण ती वाटही बंद केली. त्याचा हेतू गडाच्या रक्षणाचा असेल. आम्ही मात्र त्यातून इतकेच घेतो, की ज्या साहसाची आपण स्तुती करतो, ते पुन्हा कोणास करावे लागू नये अशी तजवीज करणे, हाही त्या स्तुतीचाच भाग आहे.

त्या बालिकेचे नाव अखेर दुसरेच ठेवले गेले. आजी तिला हिरकणी म्हणूनच हाक मारतात, असे ऐकतो. आता आम्ही हसत नाही.