घर सोडून का जात नाहीत?

भुताचा सिनेमा चार माणसांत बसून पाहिला, की मध्यंतराच्या आत कुणीतरी हमखास विचारतं, "पण हे लोक घर सोडून का जात नाहीत?" भिंतीतून आवाज येताहेत, दिवे आपोआप विझताहेत, धाकटी मुलगी कोपऱ्याकडे बघून कुणाशी तरी बोलते आहे, आणि कुटुंब मात्र जेवणं आटोपून त्याच खोल्यांत झोपायला निघालेलं. एडी मर्फी या अमेरिकी विनोदवीराने १९८३ च्या 'डेलिरियस' या कार्यक्रमात याच प्रश्नावर लोकांना हसवून लोळवलं होतं. 'पोल्टरगाइस्ट' आणि 'अ‍ॅमिटीव्हिल हॉरर' या तेव्हा गाजलेल्या सिनेमांतली गोरी कुटुंबं झपाटलेल्या घरात मुक्काम ठोकून बसतात, आपण असतो तर पहिल्या कुजबुजीलाच चालते झालो असतो, असा त्याचा रोख.

हशा बाजूला ठेवला तर भयकथेची खरी परीक्षा घेणारा प्रश्न मला हाच वाटतो. गंमत अशी, की भयाचा विचार करणाऱ्या जाणकारांच्या तोंडी तो फार उशिरा आला. तोवर वाद चालला होता तो निराळाच: भयंकर ते दाखवावं, की झाकून ठेवावं?

आपल्याकडे सुरुवात यादीपासून झाली. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, कोल्हे, घुबडं, ओसाड घर, अरण्य असं सगळं येऊन जातं. रामसे बंधूंनी ते वाचलं असण्याची शक्यता कमीच, पण 'पुराना मंदिर'सारखे (१९८४) त्यांचे सिनेमे पाहताना भरताची यादी समोर धरूनच चित्रीकरण केलंय असं वाटावं. यादीत चूक काही नाही. मात्र नुसत्या यादीने कुणी घाबरत नाही.

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्ताने भयानक रसाचा आस्वाद कसा घडतो हे समजावताना जे उदाहरण घेतलं, ते या यादीच्या बाहेरचं आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे धावणारं हरीण. मान वळवून वळवून ते मागे पाहतंय, बाणाच्या धाकाने त्याचं अंग आक्रसलंय, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतंय. इथे राक्षस नाही की घुबड नाही. बाणसुद्धा अजून सुटलेला नाही. समोर आहे तो फक्त एक घाबरलेला जीव. अभिनवगुप्ताचं म्हणणं असं, की हे भय पाहणाऱ्याला 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' अशा रूपात जाणवत नाही. ते व्यक्तीपासून सुटं होतं, म्हणून चाखता येतं. तिकीट काढून भिण्याचं कोडं त्याने असं सोडवलं. मला मात्र त्याच्या निवडीतच एक जास्तीची गोष्ट दिसते. भय उभं करायला भयंकर वस्तू असलीच पाहिजे असं नाही, घाबरणारा हवा. हा धागा पुढे बराच काळ कुणी ओढला नाही.

युरोपात चर्चा झाकण्याच्या बाजूने वळली. १७५७ साली एडमंड बर्कने उदात्त आणि सुंदर यांच्यावरच्या ग्रंथात मांडलं, की भीतीला अंधुकपणा लागतो. धोका केवढा आहे हे पुरतं कळलं, डोळ्यांना त्याची सवय झाली, की तिचा बराचसा भाग ओसरतो. त्यानंतर सातच वर्षांनी होरेस वॉल्पोलने 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' लिहिली, आणि तीत हे कानावरच न पडल्यासारखा कारभार आहे. आरंभीच कुठून तरी एक अवाढव्य शिरस्त्राण येऊन पडतं आणि लग्नाच्या दिवशीच राजपुत्र त्याखाली चिरडला जातो. आज वाचताना हसू फुटतं. पण त्या पोराचा बाप मॅनफ्रेड किल्ला सोडत नाही, कारण तो त्याच्या आजोबांनी बळकावलेला आहे आणि गादी हातची जाऊ द्यायची नाही. पाश्चात्त्य भयकादंबरीचा पहिलाच खलनायक मालमत्तेच्या वादात अडकलेला निघावा, याकडे शिरस्त्राणाच्या गोंधळात कुणाचं लक्ष गेलं नाही.

अ‍ॅन रॅडक्लिफ जास्त धूर्त. 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' (१७९४) या कादंबरीत नायिका किल्ल्यातला एक काळा पडदा उचलते, काहीतरी पाहते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिलं ते लेखिका शेकडो पानं सांगत नाही. शेवटी कळतं, की तो मेणाचा पुतळा होता. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापलेल्या लेखात तिने भीतीचे दोन प्रकार केले: एक येणाऱ्या संकटाच्या चाहुलीचा, जो मनाला ताणून जागं करतो, दुसरा समोर आलेल्या बीभत्साचा, जो मन गोठवतो. पहिला श्रेष्ठ. या विभागणीवर नंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांतली बरीच समीक्षा पोसली गेली. तो मेणाचा पुतळा मात्र तिच्या सिद्धांताला लागलेला पहिला डाग आहे.

सिनेमात हा सिद्धांत पैशाच्या चणचणीतून पक्का झाला. १९४२ साली आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढायला बसवलं. नाव स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत. पहिलं नाव मिळालं 'कॅट पीपल'. जाक तुर्नरने दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात एक तरुणी रात्री उद्यानालगतच्या रस्त्याने एकटी चालली आहे. मागे टाचांचा आवाज. एका दिव्याखालचा उजेड संपतो, दुसरा सुरू होईपर्यंत अंधार. मग लक्षात येतं, की मागचा आवाज थांबलाय. ती भरभर चालू लागते, वळून पाहते, कुणी नाही. आणि एकदम कानाशी फिस्सकन गुरगुरल्यासारखा आवाज. ती बस असते, ब्रेक लावून थांबलेली. जिची धास्ती होती ती बिबट्याची चाहूल, पण बिबट्या कुठेच नाही. सिनेमावाले या युक्तीला अजून 'ल्यूटनची बस' म्हणतात. १९७५ च्या 'जॉज'चा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो फार दाखवता आला नाही आणि सिनेमा त्यामुळेच सुधारला, ही कथा तर प्रत्येक चित्रपट शिबिरात सांगितली जाते.

'दाखवू नका' हा असा धर्मग्रंथातला नियम होऊन बसला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. 'जॉज'चंच घ्या. शार्क दिसत नाही तेव्हाही लोक पाण्यात का उतरतात? कारण ४ जुलैच्या सुट्टीचा हंगाम तोंडावर आहे आणि नगराध्यक्षाला किनारे बंद करायचे नाहीत. गावाचं वर्षाचं उत्पन्न त्यावर आहे. शार्कचा पर पाण्यावर न दाखवता काम भागतं. नगराध्यक्ष काढून टाका, सिनेमा उभा राहत नाही.

'का जात नाहीत' याला साहित्यात सर्वांत भेदक उत्तर शर्ली जॅक्सनने दिलं, असं माझं मत आहे. 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) या कादंबरीत एलिनॉर ही बत्तीस वर्षांची बाई एका संशोधकाच्या बोलावण्यावरून झपाटलेल्या घरात राहायला येते. अकरा वर्षं तिने आजारी आईची सेवा केली, आई गेल्यावर ती बहिणीच्या घरी पडून आहे, येताना आणलेली गाडीसुद्धा बहिणीच्या नकळत घेतलेली. तिथल्या मंडळींना ती आपल्या छोट्याशा बिऱ्हाडाची वर्णनं सांगते. दगडी सिंह, चांदण्या काढलेला पेला. हे बिऱ्हाड अस्तित्वातच नाही. जॅक्सनही काही दाखवत नाही. एका रात्री अंधारात शेजारणीचा हात घट्ट धरून एलिनॉर भीती सोसते, दिवा लागतो तेव्हा शेजारीण खोलीच्या पलीकडच्या बाजूला असते. पण अंगावर काटा येतो तो खरा पुढे, जेव्हा बाकीचे लोक तिच्या भल्यासाठी तिला घरी पाठवू लागतात आणि ती कबूल करते, की घर वगैरे काही नाही. तिला जायला जागा नाही. ज्या वास्तूने तिला हवंसं मानलं ती एवढी एकच. १९६३ साली यावर सिनेमा काढणारा रॉबर्ट वाइज ल्यूटनच्याच तालमीतला, हा योगायोग नव्हे.

स्टीफन किंगने १९८१ च्या 'डान्स मकाब्र' या पुस्तकात हे विचाराच्या पातळीवर आणलं. 'अ‍ॅमिटीव्हिल हॉरर' त्याला सिनेमा म्हणून यथातथाच वाटला, पण चित्रपटगृहात मागे बसलेली एक बाई भुताऐवजी दुरुस्तीच्या बिलांच्या विचाराने कळवळली, हे त्याने टिपलं. सिनेमातल्या कुटुंबाने ऐपतीबाहेर जाऊन घर घेतलंय. मेहुण्याच्या लग्नाच्या जेवणावळीचे दीड हजार डॉलर घरातून नाहीसे होतात, तो प्रसंग किंगला रक्त ओघळणाऱ्या भिंतींपेक्षा भीतिदायक वाटला. कर्जाचं घर सोडून कुटुंब जाणार कुठे? मर्फीच्या विनोदाला दोन वर्षं आधीच दिलेलं हे उत्तर होतं. पुढे जॉर्डन पीलने 'गेट आउट' (२०१७) काढला, ज्याचं नावच 'बाहेर पड' असं आहे. आणि नायक बराच वेळ बाहेर पडत नाही तो निव्वळ संकोचाने, मैत्रिणीच्या आईवडिलांकडे पाहुणा आहे म्हणून.

आपल्या लोककथेला हे आधीपासून माहीत होतं. कोकणातला चकवा माणसाला खात नाही की मारत नाही. तो फक्त वाट काढू देत नाही. रात्रभर चालून माणूस पहाटे त्याच बांधावर येतो. पण चकवा बाहेरून लागतो. लेखकाचं काम तो माणसाच्या आत लावण्याचं.

नारायण धारपांच्या कथांतली पहिली काही पानं मला म्हणूनच आवडतात. बदलीचं गाव, कमी भाड्यात मिळालेला बंगला, वारशाने आलेली वास्तू, हिशेबाने संसार करणारी पांढरपेशी माणसं. पाय तिथे का रोवले गेलेत हे न बोलता कळतं. त्यांचे संकटमोचक नायक समर्थ आले, की मात्र भीती संपते आणि बंदोबस्त सुरू होतो. ते वाचायला मजा येते, झोप उडत नाही. रत्नाकर मतकरींनी सोडवायला येणारा माणूसच काढून घेतला. त्यांच्या गूढकथेत संकट बहुधा घरच्याच कुणाच्या मनात असतं, आणि मनाचं घर बदलता येत नाही.

मराठी वाडा हा तर भुताचा जुना आश्रयदाता. सात-बारावर पंधरा नावं, एक भाऊ मुंबईला, एक हट्टाला पेटलेला. विकता येत नाही, पाडता येत नाही. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) ही मालिका याच भांडवलावर उभी राहिली: अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर कुटुंब वाड्यात अडकतं आणि इस्टेटीपायी कुणी हलत नाही. रोज अर्धा तास भिववायची पाळी आल्यावर तिची भीती पातळ झाली, पण मालिकेला तो शापच असतो. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त (२०१७) आठ महिन्यांची गरोदर नायिका उसाच्या शेतातल्या घरात येते ती नवऱ्याच्या सावकारांपासून लपण्यासाठी. बाहेर सावकार, आत बायकांच्या पोटची मुलगी नको असलेलं गाव. या सिनेमात उसातल्या भुताळी पोरांपेक्षा प्रेमाने भाकरी वाढणारी तुळसाबाई जास्त भिववते.

आणि 'तुंबाड' हा सिनेमा. राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज एका मित्राने सांगितलेल्या धारपांच्या कथेतून मिळालं. झाकण्याचा नियम तर त्यात सरळ धाब्यावर बसवलाय: साखळदंडातली म्हातारी दिसते, वाड्याखालचं ओलं लाल गर्भगृह दिसतं, लंगोटीतून सोन्याच्या मोहरा सांडणारा हस्तर नावाचा देव दिव्यासमोर उभा राहतो. कणकेच्या बाहुल्या कशा वापरायच्या, पिठाचं रिंगण कसं आखायचं, सगळे नियम आपल्याला समजावून दिले जातात. आणि यातला नायक विनायक तर लहानपणीच निसटलेला आहे. आईने त्याला पुण्याला नेलंय, परत न जाण्याची शपथ घातलीय. पंधरा वर्षांनी तो स्वतःच्या पायाने पावसात तुंबाडला परततो, मग पुनःपुन्हा परततो, आणि पोटच्या पोराला ती विद्या शिकवतो. घर सोडून का गेला नाही, हा प्रश्न इथे लागूच होत नाही. तो गेला होता.

'तुंबाड' ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला तेव्हा त्याचा धंदा बेताचाच झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. मधल्या काळात लोकांचा तो मोबाईलवर पाहून झाला होता. हस्तर कसा दिसतो, शेवटी काय होतं, हे प्रेक्षागृहातल्या कितीतरी जणांना आधीच ठाऊक होतं. या दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.