फसलेल्याने बोलावं का?

शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाला कोण फसवणार, असं आमच्या गावाला वाटतं. पण ३० मे २०२१ ला, लशीसाठी माणसं वणवण करत होती तेव्हा, कांदिवलीच्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरणाचं बनावट शिबिर झालं. डोसाला १२६० रुपये, माणसं ३९०. नंतर कुणाला ताप नाही, दंड दुखला नाही, आणि प्रमाणपत्रं आली तीही वेगवेगळ्या दवाखान्यांच्या नावाची. तिथं संशय आला.

माणसं पोलिसांत गेली, वर्तमानपत्रांतून बोलली. एवढं शिकून भलतंच टोचून घेतलं म्हणून लोक हसले असणारच. पण त्यांनी तोंड उघडलं, म्हणून मुंबईतली बाकीची तसली शिबिरं उघडी पडली. फसलेली माणसं दोन हजारांवर निघाली.

आमच्याकडं बोगस बियाणं उगवत नाही तेव्हा शेतकरी गुपचूप दुबार पेरणी करतो. बोललं तर ‘ह्याला पेरायचं कळतं का?’ म्हणतात. दुकानदार पुढच्या हंगामाला उधारी बंद करतो. पोरीला बघायला येणारे पाहुणे, घर बुडालंय असं ऐकून, वाटेतूनच माघारी फिरतात. ही किंमत खरी आहे, म्हणून गप्प बसणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही. पण विकणारा ह्या लाजेवरच तर जगतो. एक शेजारी गप्प, तोवर दुसऱ्याच्या गळ्यात तीच पिशवी.

घरातलं कर्ज, भांडण चव्हाट्यावर कशाला न्यायचं? पावती दाखवावी, पिशवीवरचा लॉट नंबर सांगावा. कांदिवलीकरांनी तरी घरातलं काय सांगितलं? तारीख, पैसे, आणि ताप आला नाही, एवढंच.