भगूरचा ख्रिस्त, गालीलचा येशू

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, हा वाद युरोपात दोनशे वर्षे चालू आहे. मराठीतून त्यावर सर्वांत धाडसी उत्तर दिले ते नाशिकजवळच्या भगूरच्या एका माणसाने. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’ हे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हयात नव्हते. देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल १९०९ साली जन्मठेप झालेल्या आणि अंदमान भोगून आलेल्या या क्रांतिकारकाने पुस्तकात मांडले ते असे: येशू हा जन्माने तमिळ हिंदू, जातीने विश्वकर्मा ब्राह्मण, त्याचे खरे नाव केशव कृष्ण आणि मातृभाषा तमिळ. तो क्रूसावर मेला नाही. एसीन या यहुदी पंथाच्या लोकांनी त्याला वनौषधींनी वाचवले आणि त्याने पुढे काश्मीरात देह ठेवला. २०१६ साली मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुस्तक पुन्हा काढले तेव्हा चार दिवस बातम्या आल्या, काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी टर उडवली. पुरावा तपासण्याच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडले नाही.

टर उडवणे सोपे आहे, म्हणून ते टाळू. मुळात येशूला हिंदुस्थानात आणण्याची कल्पना भगूरची नाही. निकोलस नोतोविच या रशियन लेखकाने १८९४ साली लडाखच्या हेमिस मठात ‘ईसा’चे चरित्र ऐकल्याचा दावा केला. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या महाविद्यालयातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन आले. अशी पोथी आपल्या मठात नाही आणि असा पाहुणाही कधी आला नव्हता, असे तिथल्या प्रमुख लामांनी त्यांना सांगितले. काही वर्षांतच अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी श्रीनगरच्या खानयार भागातले रोजाबल हीच येशूची कबर ठरवली. रशियन लेखक, मुस्लिम पंथप्रवर्तक आणि हिंदुसभेचा पुढारी, तिघांनीही येशूला हिमालयाच्या वाटेला लावले आणि प्रत्येकाचे कारण वेगळे होते. बाबारावांचे कारण समजण्यासारखे आहे. धर्मांतराचे शल्य मनात असलेल्याला ख्रिस्तच मूळचा आपला निघाला, तर सारे भांडणच मिटते. पण हे दुखणे विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे आहे. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग कळणार कशातून? त्यासाठी लागणारी मोजपट्टी नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. या लेण्यांना लोक पांडवांची म्हणतात आणि भिंतीवरचे लेख म्हणतात ती बौद्ध भिक्षूंची. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गेल्यानंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तो कोरला गेला. मुलाची, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची, त्यात भरघोस स्तुती आहे. राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोलाचा त्याचा पराक्रम, त्याच्या युद्धात गरुड, यक्ष, राक्षस, गंधर्व, शिवाय चंद्र, सूर्य आणि नक्षत्रेसुद्धा उतरलेली! हे वाचून गौतमीपुत्र झालाच नाही, असे कोणी म्हणत नाही. नक्षत्रे बाजूला ठेवायची आणि माणूस शिल्लक ठेवायचा, एवढा विवेक आपण सहज दाखवतो. कारण साक्ष दुसऱ्या बाजूनेही मिळते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान क्षत्रपाची, म्हणजे वैऱ्याची, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा उमटवलेला.

हीच रीत येशूला लावून पाहावी. आईच्या स्तुतीसारखी आपल्या माणसांची साक्ष आहेच. पौलाची पत्रे इसवी सन ५०च्या दशकातली, म्हणजे क्रूसाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो यरुशलेममध्ये पेत्राकडे पंधरा दिवस राहिल्याचे आणि ‘प्रभूचा भाऊ’ याकोब भेटल्याचे सांगतो. ज्याचा भाऊ भेटतो, तो माणूस निव्वळ कल्पनेतला कसा असेल? बाहेरची साक्षही आहे. योसेफस हा यहुदी इतिहासकार इसवी सन ९३च्या सुमारास याच याकोबाला दगडांनी मारल्याची हकिगत देताना त्याची ओळख ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी करून देतो. रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती पंथाचा तिरस्कार करतो, पण तिबेरियस सम्राटाच्या काळात पंत पिलाताने त्याच्या प्रवर्तकाला देहदंड दिला हे नोंदवतो. तुच्छतेने लिहिणाऱ्याला येशूचे अस्तित्व सिद्ध करण्याची हौस असण्याचे कारण नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. योसेफसच्या ग्रंथात येशूवर आणखी एक उतारा आहे, त्यात ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातल्याचे बहुतेक विद्वान मान्य करतात. पण याकोबाचा उल्लेख ओझरता आहे. भर घालणारा येशूला नुसते ‘ख्रिस्त म्हटला जाणारा’ म्हणून पुढे गेला नसता. दुसरा आक्षेप शिलालेख आणि नाणी नसल्याचा. राजे नाणी पाडतात. गालीलच्या खेड्यातला सुतार कशी पाडणार? खुद्द पिलात रोमचा प्रांताधिकारी, पण त्याच्या नावाचा पहिला शिलालेख हाती आला तो १९६१ साली, कैसरियाला. तिसरा आक्षेप आर्थर ड्रूज यांनी १९०९ साली गाजवला: ही सारी दैवतकथाच, मरून उठणाऱ्या जुन्या देवांची नवी आवृत्ती. इथेच आपल्याकडचे लोक कंस आणि यहुद्यांचा राजा हेरोद यांचे साम्य पुढे करतात. साम्य खरे आहे, पण बालहत्येची ती गोष्ट चारांपैकी फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात येते आणि हेरोदाच्या क्रौर्याची जंत्री देणाऱ्या योसेफसला ती ठाऊकही नाही. ती नक्षत्रांच्या बाजूला टाकावी. मूळ माणसाला धक्का लागत नाही.

उलट, रचलेल्या कथेत जे कोणी घालणार नाही तेच शुभवर्तमानांत अवघडून बसले आहे. मसीहा बेथलेहेमचा हवा आणि हा पडला नासरेथचा. मग लूक त्याच्या आईबापांना खानेसुमारीसाठी बेथलेहेमला पाठवतो, पण जन्म सांगितला जातो हेरोदाच्या काळातला आणि ती खानेसुमारी झाली हेरोद मेल्यानंतर दहाएक वर्षांनी. नुसती कल्पना असती तर नासरेथचे नावच आले नसते. पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापुढे निष्पाप येशू वाकतो, याचेही पुढच्या लेखकांना ओझे झालेले दिसते. मत्तय योहानाच्या तोंडी नकार घालतो आणि चौथे शुभवर्तमान तो प्रसंगच गाळते. शेवट तर क्रूसावरचा, गुलामांना आणि बंडखोरांना मिळणारा मृत्यू. यहुदी लोक विजयी मसीहाची वाट पाहत होते. फासावर गेलेला मसीहा गळी उतरवणे महाकठीण होते, हे पौल स्वतः मान्य करतो. नवा धर्म काढणाऱ्याने असा नायक मुद्दाम कशाला निवडला असता?

आता केशव कृष्णाचा दावा. त्या काळी इकडचा-तिकडचा संबंधच नव्हता, असे म्हणून तो उडवता येणार नाही. मलबारच्या मिऱ्यांसाठी रोमची जहाजे येत होती. पांडवलेण्यांतच १७व्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त स्वतःला योणक, म्हणजे यवन म्हणवतो. बापाचे नाव धर्मदेव, गाव उत्तरेकडचे दात्तामित्री, आणि दान काय दिले तर लेणे, चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी. परदेशी माणूस इथे आला की मागे काय उरते, ते या लेखात आहे. येशूच्या वाट्याचे असे काही तमिळ देशातही नाही आणि काश्मीरातही नाही. शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत, पण त्यांत येशूच्या तोंडचे मूळ शब्द उरले आहेत ते ‘अब्बा’सारखे, अरमाईक, तमिळ नव्हेत.

याचा अर्थ मिशनऱ्यांची सरशी झाली असाही नाही. १८५७ साली गिरगावच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांच्या ज्या चर्चा झाल्या, त्यांतला मुद्दा येशू झाला की नाही हा नव्हता. तो देव होता का, हा होता. त्याचे उत्तर ना टॅसिटस देतो, ना योसेफस. इतिहासाच्या हाती लागतो तो एक यहुदी उपदेशक. त्याच्या मागे यरुशलेमात याकोबाच्या पुढारपणाखाली एक यहुदी पंथ राहिला, पौलाने तो सुंता न झालेल्या परक्यांना खुला केला आणि ७० साली रोमनांनी मंदिर पाडल्यावर पारडे त्या परक्यांकडे झुकले. ख्रिस्ती धर्म असा घडत गेला. एका दिवसात कोणी स्थापला नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती का, हे श्रद्धेने ठरवायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले. त्यासाठी ख्रिस्ताला आधी तमिळ ठरवण्याची त्यांना गरज पडली नाही.

येशू हिंदुस्थानात आला होता असे ज्यांना आजही मांडायचे आहे, त्यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकातला एक लेख, एक नाणे किंवा पोथीचे एक पान दाखवावे. नोतोविचचे पुस्तक निघून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. अजून तसे काहीही पुढे आलेले नाही.