मळलेलं की जीर्ण?



आजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक आहे. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जुनं शरीर सोडून नवं धारण करतो, हा त्याचा आशय आपल्या सर्वांना परिचित आहे. घरात कुणी गेलं की हा श्लोक हमखास कानावर पडतो. आज मात्र माझं लक्ष त्यातल्या ‘जीर्ण’ या एका शब्दापाशी थांबलं. वस्त्र टाकायचं ते जीर्ण झाल्यावर, मळल्यावर नव्हे. मळलेलं वस्त्र धुवायचं असतं. मग एखादी गोष्ट मळली आहे की जीर्ण झाली आहे, हे ओळखायचं कसं?

याचं उत्तर मला एका घड्याळजींच्या टेबलापाशी मिळालं.

वडिलांचं एक आणि काकांचं एक, अशी दोन बंद घड्याळं घेऊन मी काकूंबरोबर त्यांच्याकडे गेलो होतो. दोन्ही एचएमटी ‘जनता’, चावी द्यायची, १७ ज्वेलची. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला आणि एका पिढीच्या मनगटावर हीच घड्याळं दिसू लागली. २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आज सुटा भाग लागला, तर तो बहुधा दुसऱ्या बंद घड्याळातूनच काढावा लागतो.

वडिलांचं घड्याळ कितीतरी वर्षं कपाटात पडून होतं. काकांचं २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पुरात बुडालं होतं. काकूंनी ते पुसून, वाळवून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं. “कितीही खर्च येऊ दे, पण चालू झालं पाहिजे,” असं म्हणत पेन्शनचे पैसे रुमालात बांधून त्या आल्या होत्या.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आधी वडिलांच्या घड्याळाचं झाकण उघडलं. “मशीन चांगलं आहे. फक्त तेल सुकलंय.” मग त्यांनी समजावून सांगितलं. या मशीनचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. त्याच्या केसाएवढ्या बारीक टोकांना माणकाच्या खड्यांत तेलाचा एक कण लागतो. तो सुकला की गती मंदावते आणि शेवटी सगळं थांबतं. प्रत्येक भाग सुटा करायचा, धुवायचा, नवं तेल देऊन पुन्हा जुळवायचा. झालं.

मी विचारलं, “नुसता काटा मागेपुढे करून चालणार नाही का?” ते हसले. “वेळ बरोबर दाखवेल हो, पण आत बॅलन्स दमलेलाच राहील. शिवाय सुक्या तेलात धूळ मिसळली की ती कानशीसारखं घासते. आज जो मळ आहे, तो तसाच चालवलात तर उद्या झीज होईल.”

मग काकांचं घड्याळ. झाकण उघडल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मुख्य स्प्रिंग गंजून तुटली होती. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले होते, चाकांची पोलादी टोकं गंजाने खाल्ली होती. धड राहिले होते ते पितळी पत्रे आणि माणकाचे खडे. “ताई, पैसे घेऊन मी हे महिनाभर चालवून दाखवीन. पण ते तुम्हाला फसवणं होईल,” ते म्हणाले. काकूंनी पदर डोळ्याला लावला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “यातलं कुणाच्या उपयोगी पडेल का काही?” घड्याळजींनी मान हलवली. काकूंनी डायल आणि काटे परत घेतले, बाकी मशीन त्यांच्याकडे राहू दिलं.

दोन घड्याळं, एकाच जातीची. एकावर खर्च करणं योग्य होतं, दुसऱ्यावर खर्च करणं हा मोह होता. प्रेम दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणजे प्रेमावरून निर्णय होत नाही. किमतीवरूनही होत नाही. वडिलांच्या सर्व्हिसिंगला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात तसं जुनं घड्याळ बाजारात मिळालं असतं. पण घड्याळ स्वस्त म्हणून कारागिराची मेहनत कमी होत नाही. पैसे त्या मेहनतीचे असतात. निर्णय होतो तो झाकण उघडून आत पाहिल्यावर, आणि पाहणारा प्रामाणिक असेल तर.

आपण मात्र बहुतेक वेळा झाकण न उघडताच निकाल देतो. वर्षभर बोलणं नाही, म्हणून भावाशी नातं संपलं म्हणतो. वृद्ध आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, म्हणून तिचं बोलणं ऐकणं सोडतो. जप चुकू लागला की आता आपल्याच्यानं होणार नाही, असं ठरवून मोकळे होतो. यातलं कितीतरी नुसतं सुकलेलं तेल असतं. आणि याउलट, जिथे खरोखर गंज चढला आहे तिथे आपण रुमालात पैसे बांधून उभे असतो, कारण सोडणं म्हणजे विसरणं असं आपल्याला वाटतं. काकू काकांना विसरल्या नाहीत. त्यांनी जे जीर्ण झालं तेवढंच सोडलं.

जपणं हा धर्म आहे, तसं वेळेवर सोडणं हाही धर्मच. दोहोंमधला फरक कळण्यासाठी विवेक लागतो, आणि विवेकाला थोडी सवड द्यावी लागते.

आजचा संकल्प एवढाच: बंद पडलेली एक गोष्ट, एक नातं किंवा एक नेम निवडा. टाकण्याआधी किंवा कवटाळण्याआधी, एकदा शांतपणे आत पाहा. मळ असेल तर आजच हात घाला, उद्यावर टाकू नका.

राम कृष्ण हरि.